जुन्या दगडी बावीला आतून सिमेंट करावं का?

प्रश्न मला नीट समजलाय का, ते आधी बघतो. गाव पन्हाळा तालुक्यात, पठाराच्या पायथ्याला. वरच्या अंगाला चौकोनी दगडी बाव, एका बाजूनं उतरायला पायऱ्या. काठाखालच्या गोमुखातून जादाचं पाणी दगडी पाटानं खालच्या हौदात जातं आणि तिथून जनावरांच्या डोणीत. घरोघर नळाच्या चाव्या आल्यावर तिकडं कुणी फिरकेनासं झालं. पण महापुरात नदीवरचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बुडालं की भर पावसात गाव पाण्याविना बसतं, म्हणून पंचायतीनं बाव पुन्हा वापरात आणायचं ठरवलंय. ठेकेदाराचं म्हणणं असं की सांधे उघडे पडल्यामुळं उन्हाळ्यात पाणी गळून जातं. आतून सिमेंटनं दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून गिलावा करू, तळाला काँक्रीट ओतू, म्हणजे पाणी टिकेल. एका कोपऱ्यात भिंतीला पोट आलंय, तिथंच पिंपळ उगवलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, हे पाणी पिता येईल का?

थोडक्यात उत्तर देतो, मग कारणं सांगतो. बावीच्या आत सिमेंट अजिबात नको, तळाला काँक्रीट तर नकोच नको. हौदाला मात्र अस्तर लागेल, ते चुन्याचं करा. पोट आलेला कोपरा अजून सरकत असेल तर उतरवून पुन्हा रचावा लागेल. पाणी पिता येईल, पण पायऱ्या उतरून घागर बुडवायची ती जुनी रीत पुन्हा सुरू करायची नाही.

ठेकेदार चोर आहे असं माझं म्हणणं नाही. त्याला टाक्या बांधायची सवय आहे आणि टाकीच्या नजरेनं बघितलं तर उघडा सांधा ही गळतीच दिसते. तुमच्याकडं एकाच ओळीत तीन वेगवेगळ्या कामाच्या वस्तू आहेत. बाव पाणी आत घेते, पाट ते वाहून नेतो, हौद ते धरून ठेवतो. दगड एकच, घडण एकसारखी, म्हणून तिन्हींना एकच औषध द्यायचा मोह होतो. पण आत घेणाऱ्या भिंतीचा सांधा उघडा हवा आणि धरून ठेवणाऱ्या भिंतीचा बंद. तुमच्या अंदाजपत्रकात हा फरकच नाही, खरी अडचण ती आहे.

आता हे पाणी येतं कुठून, ते बघू. तुमच्या डोक्यावरचं पठार जांभ्याचं आहे. मसाई पठार घ्या, जोतिबाचा डोंगर घ्या, पन्हाळगड घ्या, वर जांभ्याची टोपी आणि खाली काळ्या दगडाचे थर. जांभा सच्छिद्र. पावसाळाभर तो पाणी पीत राहतो. त्याच्या बुडाशी शाडूसारखा चिकट मातीचा थर असतो, त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. मग ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या कडेला जिथं वाट मिळेल तिथं बाहेर येतं. त्याच्याखालच्या काळ्या दगडातही असंच. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर, आणि मधे बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. त्या पट्ट्यावर पाणी अडतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथं ऑक्टोबरात बघा, तांबड्या पट्टीच्या वर ओलीची रेघ दिसेल. ज्यानं तुमची बाव बांधली त्यानं ही रेघ ओळखली, तिथं खणलं आणि खणलेलं ढासळू नये म्हणून चारी बाजूंनी दगड रचला. त्या भिंतीचं काम मातीला थोपवायचं आणि पाण्याला वाट द्यायची, एवढंच.

म्हणून उन्हाळ्यात पातळी उतरते ती बहुतेक वेळा गळतीमुळं नसते. वरच्या पठारात साठलेलं पाणी संपत आलेलं असतं किंवा आसपासच्या बोअरनी ते आधीच ओढलेलं असतं. गिलाव्यानं ते परत येणार नाही. उलट जे झिरपून आत येत होतं तेही भिंतीमागं अडेल. तुमच्याच प्रश्नात एक ओळ आहे, 'एप्रिलमध्येसुद्धा उत्तरेच्या भिंतीतून दोन-तीन ठिकाणी पाणी ठिबकतं.' अहो, तेच तुमचे झरे. ठेकेदार पहिला गिलावा तिथंच करणार, कारण तिथंच भिंत ओली दिसते.

भिंतीमागं अडलेलं पाणी काय करतं, ते आकड्यात सांगतो, म्हणजे सभेत मांडता येईल. पाण्याच्या दर मीटर उंचीमागं चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. समजा गिलावा केला, पंप लावून बाव उपसली आणि भिंतीमागं तीन मीटर उंच पाणी तसंच अडकून राहिलं. बुडाशी दाब झाला चौरस मीटरला तीन टन. भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण ढकल साडेचार टन. चार मीटर लांबीची बाजू धरली तर अठरा टन, शिवाय ओल्या मातीचा भार वेगळा. जुन्या भिंतीवर हा भार कधी आलाच नाही, कारण आतलं पाणी उतरलं की मागचंही सांध्यांतून उतरायचं. सिमेंट केलेल्या जुन्या विहिरी दोन-चार पावसाळ्यांत कोसळतात त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं, आणि खापर फुटतं जुन्या बांधकामावर.

आता पोट आलेला कोपरा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथंच होतो.

आधी पोट का आलं ते शोधा. पिंपळ दिसतो म्हणून सगळे पिंपळालाच धरतात. तो कारणीभूत असेलही, पण त्या कोपऱ्याच्या वर जमिनीवर काय चालतं ते बघा. आपल्याकडं गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या पूर्वीच्या पाणंदीवरून जातात. ती पाणंद बैलगाडीची होती; आता तिथं ट्रॅक्टर बावीच्या काठापासून हातभर अंतरावरून जात असेल, तर भिंत कितीही नीट रचा, पुन्हा पोट येईल. दुसरं, वरून येणारं पावसाचं पाणी त्या कोपऱ्यात मुरतंय का? रस्त्याची गटार तिकडं वळवलीय का? आणि तिसरं, मोठा पंप लावून कुणी झटक्यात उपसा करत होतं का? मूळ कारण तसंच राहिलं तर दुरुस्तीचा पैसा वाया गेला म्हणून समजा.

मग पोट वाढतंय की जुनंच आहे, ते तपासा. काठावर तीन ठिकाणी खुणा करा, तिथून ओळंबा सोडा आणि दर हातभर खोलीवर दोरीपासून भिंत किती लांब ते लिहून ठेवा. पावसाळ्याआधी एकदा, दसऱ्याच्या सुमारास एकदा. आकडे तेच राहिले तर भिंत स्थिरावलीय, घाई नको. अशा स्थिरावलेल्या पोटांना मी हात लावत नाही, दिसायला कितीही वाईट असोत. पण आकडा वाढला, एखादा दगड पुढं सरकून लोंबकळतोय किंवा काठाच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग दिसतेय, तर तो भाग उतरवायलाच हवा. तोवर त्या बाजूला कुणाला फिरकू देऊ नका. पोरं पोहायला येत असतील तर त्यांना आधी थांबवा.

उतरवायचं म्हणजे जेसीबीच्या बकेटनं ओढायचं नव्हे. समोरून फोटो काढायचे, प्रत्येक दगडाच्या तोंडावर गेरूनं नंबर टाकायचा, वरून एकेक थर काढायचा आणि जमिनीवर त्याच क्रमानं मांडून ठेवायचा. तैलरंग वापरू नका, तो पुढं वर्षानुवर्षं जात नाही. दगड काढताना काही दगड तोंडाला छोटे आणि आत भलतेच लांब निघतील. भिंत मागच्या भरावाला बांधून ठेवतात ते हेच. गवंडी नवीन असेल तर 'एवढा लांब कशाला' म्हणून फोडून त्याचे दोन करतो. हे होऊ देऊ नका. ते ज्या थरात, ज्या जागी होते तिथंच परत गेले पाहिजेत.

मागची माती काढून तिथं भराव घालताना मुरूम-माती नको, काळ्या दगडाच्या कपच्या आणि जाड खडी भरा, म्हणजे पाणी अडणार नाही. दगड बसवताना त्याची बैठक मागं मातीकडं किंचित उतरती ठेवायची. भिंतही वर जाताना मागं रेलत गेली पाहिजे. शेजारच्या शाबूत बाजूचा कल ओळंब्यानं मोजा आणि तोच धरा. पाचर किंवा कपची मारायची ती मागून. पुढून ठोकलेली कपची लवकर घट्ट बसते आणि दिसायलाही छान दिसते, पण पाण्याची पातळी वरखाली झाली की सुटून तळाला जाते. सांध्यात चुना नाही, सिमेंट नाही, काहीच नाही. फक्त माथ्याचे दोन-तीन थर, जिथं बावीचं पाणी कधी पोचत नाही आणि माणसांचे पाय पडतात, ते चुन्यात बांधा. जमिनीवरचं पावसाचं पाणी आत उतरू नये हा त्यातला दुसरा फायदा.

हे काम करणारी माणसं अजून आहेत. काळ्या दगडाचं रचकाम आणि घडाई वडार समाजातल्या जुन्या कारागिरांच्या हातात आहे. टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, आवाज ऐकून दगडाला आत भेग आहे का ते सांगणारी माणसं मी बघितली आहेत. तुमच्या पंचक्रोशीत शेताचे बांध किंवा देवळाचे ओटे कोण रचतं ते विचारा. मजुरी काँक्रीटवाल्यापेक्षा जास्त मागतील, ती द्या. सामान जुनंच वापरायचं असल्यानं एकूण खर्च फार चढत नाही.

पिंपळाबद्दल. दोर लावून ओढू नका, त्याच्याबरोबर अर्धी भिंत येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोड छाटा, थर उतरवताना जसजसं मूळ मोकळं होईल तसतसं कापत चला. ज्या भागात थर उतरवायचे नाहीत तिथं मूळ नुसतं छाटत राहायचं, दरवर्षी. आणि कुणीतरी सल्ला देईलच, 'अॅसिड ओता' किंवा 'तणनाशक मारा.' पिण्याची बाव आहे हे लक्षात ठेवा.

गाळ काढायचा असेल तर वेळ एप्रिलअखेर ते मेचा पूर्वार्ध, वळीव सुरू व्हायच्या आधी, जेव्हा भिंतीमागचंही पाणी सगळ्यात कमी असतं. दिवाळीच्या आसपास बाव एका दिवसात रिकामी करू नका. तेव्हा मागं पाणी भरलेलं असतं आणि भिंत आत येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. उपसा सावकाश, रोज थोडा. गाळ काढून झाल्यावर उत्साहात 'आणखी दोन फूट खोल करू' असं कुणीतरी म्हणतंच. भिंतीचा सगळ्यात खालचा थर कशावर बसलाय ते दिसेपर्यंत कुदळ मारू नका. कातळावर असेल तर बरं. मुरमावर असेल तर त्याच्या बुडाखालचा आधारच तुम्ही काढून घ्याल. सुरुंगाचा तर विषयच नको. धक्क्यानं झऱ्याची वाट बदलली तर ती परत आणता येत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. बंद पडलेल्या बावीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायूही सुटतात. कंदील किंवा दिवा दोरीनं खाली सोडून बघायची आपली पद्धत चांगली आहे, विझला तर कुणी उतरायचं नाही. पण दिवा जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असंही नाही, काही विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. ब्लोअरनं हवा खेळती करा, कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी उतरू नये, वर दोन माणसं कायम हवीत. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन बावीत उतरवायचं नाही. त्याच्या धुरानं माणूस गुदमरतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही राहतो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आता हौद. इथं मात्र सांधा बंद हवा. गळका हौद बघून लगेच वॉटरप्रूफिंगचं रसायन आणू नका. आधी गळती कुठून आहे ते शोधा. हौद काठोकाठ भरा, आत येणारं पाणी बंद करा आणि दर बारा तासांनी पातळी लिहा. एका ठरावीक उंचीला येऊन उतरणं थांबलं, तर गळती त्याच उंचीच्या थरात आहे. तेवढाच भाग उघडायचा. बरेचदा सगळ्या हौदाचं अस्तर काढायची गरज पडत नाही.

जुनं अस्तर चुन्याचं असणार. त्यावर सिमेंट घातलं तर ते सुरुवातीला घट्ट दिसतं, पण दगड-चुन्याची भिंत उन्हात आणि ओलीत जरा जरा हलते, सिमेंट तितकं हलत नाही. मग त्याचा पापुद्रा सुटतो आणि पाणी त्याच्या मागं जाऊन बसतं. शिवाय सिमेंटमधले क्षार जुन्या चुन्यात उतरून त्याची भुकटी करतात. म्हणून चुनाच.

बाजारातला पिशवीतला तयार चुना रंगाला ठीक, या कामाला माझा त्यावर भरवसा नाही. कळीचा चुना आणा, पाण्यात विझवा, गाळून घ्या आणि निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. जितका मुरेल तितका चांगला. विझवताना तो उकळतो, डोळे आणि हात सांभाळा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. सतत ओल्या जागेत त्याला ते जमत नाही. त्यासाठी सुरखी लागते, म्हणजे विटांची बारीक पूड. वीट मध्यम भाजलेली हवी. करपून काळी पडलेली किंवा काचेसारखी झालेली वीट कामाची नाही, तिची पूड चुन्याशी एकजीव होत नाही. माझं प्रमाण साधारण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग स्वच्छ धुतलेली वाळू. वाळू बदलली की प्रमाण थोडं बदलावं लागतं, म्हणून आधी हातभर जागेत नमुना करून आठवडाभर बघा. पूर्वी हे सगळं बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली तासन् तास मळलं जायचं. आज मिक्सर चालेल, पण पाणी कमी आणि वेळ जास्त, हे विसरू नका. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची पद्धत आहे. त्यानं मिश्रण हाताला मऊ लागतं, कामाला वेळ मिळतो. पण गूळ जास्त झाला की चुना घट्टच होत नाही. या वस्तूंभोवती लोकांनी भलतं गूढ तयार केलंय. मला विचाराल तर नीट मुरलेला चुना आणि चांगली सुरखी असेल तर त्यांच्यावाचून काही अडत नाही.

अस्तर पातळ पातळ दोन-तीन हातांत चढवा, प्रत्येक हात नीट घोटून. मग दोन-तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ही गोणपाटं दिवसातून तीनदा भिजवावी लागतात, त्यासाठी माणूस नेमा. हे कुणाचंच काम नसतं, म्हणून राहून जातं आणि अस्तराला केसासारख्या चिरा पडतात. हौद एकदम न भरता टप्प्याटप्प्यानं भरा. पहिलं पाणी तुरट आणि चुनकट लागेल, ते दोन-तीनदा सोडून द्या.

पाटाबद्दल फार लिहीत नाही. उतार तोच ठेवा, मधेच सिमेंटचा पाइप घालून वळण मारू नका. वर झाकणाचे दगड असतील तर ते परत बसवा, उन्हानं शेवाळ होतं ते थांबेल. आणि हौदाच्या तोंडाशी छोटं खोलगट कुंड आहे का बघा, गाळाखाली बुजलेलं असू शकतं. वाळू-माती आधी तिथं बसते आणि निवळलेलं पाणी पुढं जातं. पेशवाईत कात्रजहून पुण्यात पाणी आणलं त्या वाटेवर ठिकठिकाणी असेच हौद आणि उच्छ्वास, म्हणजे हवा जायला बांधलेले मनोरे, आहेत, आणि आपल्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत तर 'पाण्याचा खजिना' हे त्या भागाचंच नाव झालंय. तुमचं त्याचंच लहान रूप.

आता पिण्याचं. पायऱ्यांच्या बावीत माणसाचे पाय थेट पाण्यात जातात. नारूचा रोग याच वाटेनं पसरायचा. आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला, त्यामागं पायऱ्यांच्या विहिरींचा वापर बदलणं हे एक मोठं काम होतं. तेव्हा पायऱ्या जपा, पण पाणी घ्यायची जागा वेगळी ठेवा. गोमुखातून पडणारं पाणी थेट बंद टाकीत घेता आलं तर उत्तम. पायऱ्यांना जाळीचं दार, काठाला कठडा, निर्माल्याला वेगळी जागा. आपल्याकडं विसर्जनाऐवजी मूर्तिदान रुळलंय तसं हेही रुळेल.

पाणी किती मिळेल ते मोजायला यंत्र लागत नाही. वीस लिटरची बादली गोमुखाखाली धरा आणि घड्याळ बघा. एका मिनिटात भरली तर दिवसाला २८,८०० लिटर झाले. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं पाचशेवर माणसांचं पाणी. हे मोजमाप पावसाळ्यात करून खूश होऊ नका, मेमध्ये करा. पुरासाठी बाव हवी असेल तर जुलै-ऑगस्टचा आकडा पुरेल, उन्हाळ्यासाठी हवी असेल तर मेचा. तुम्हाला दोन्ही हवंय असं दिसतंय, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

तपासणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना पाठवून करून घ्या, एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसात. अहवालात आधी ई-कोलाय बघा, १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा. मग नायट्रेट, लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या आत. वरच्या अंगाला ऊस असेल तर हा आकडा वाढलेला असू शकतो, आणि नायट्रेट उकळून जात नाही की टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, मरत नाही. आणखी एक घरगुती चाचणी: वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर काही तासांतच पाणी गढूळ झालं तर पृष्ठभागावरचं पाणी थेट आत येतंय. दोन-चार दिवस काहीच फरक पडला नाही तर झरा खोलातून येतोय. गढूळ होत असेल तर वरचे शोषखड्डे, गोठे, उकिरडे शोधा. शोषखड्डा पंधरा मीटर लांब असला की पुरे, असं सांगतात. ते मातीत ठीक, भेगाळ कातळात घाण त्याहून लांब सहज जाते.

टीसीएलचा हिशेब: चौकोनी बाव, म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. सहा बाय सहा आणि पाणी तीन मीटर असेल तर १०८ घनमीटर, म्हणजे १,०८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर २७० ग्रॅम. बादलीत कालवून निवळी पाण्यात सोडा, गाळ टाकून द्या. तासाभरानंतर ओटी चाचणीत, म्हणजे क्लोरीन मोजायच्या रंगाच्या चाचणीत, लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. नाही दिसलं तर पावडर जुनी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे. पुराच्या दिवसांत हे रोज करायचं.

माझं वरचं सगळं एका गृहीतावर आहे: बाव काळ्या दगडाची, कोरडी रचलेली आणि झऱ्यावर आहे. भिंत जांभ्याची असेल तर दगड उतरवताना तुकडे पडतील, तिथं नंबर टाकून परत बसवणं दर वेळी जमत नाही. मुळातच सगळे सांधे चुन्यानं भरलेले निघाले आणि पाणी फक्त तळातून येत असेल, तर भिंतीच्या सांध्यांना चुना चालेल, तळाला मात्र हात लावायचा नाही. आणि हाच प्रश्न शिरोळकडच्या एखाद्यानं विचारला असता तर मी पुराचा गाळ आणि क्षारपड जमीन यापासूनच सुरुवात केली असती. तिथं पुरात बावच पाण्याखाली जाते, हिशेबच वेगळा.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण आधी उरका. जागा गावठाणात आहे की कुणाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांत काही नोंद आहे का, ते तलाठ्याकडून काढा. बाव राज्य किंवा केंद्र पुरातत्त्वाच्या यादीत आहे का ते विचारा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत असेल तर परवानगीशिवाय काही करता येणार नाही. गाळ काढताना शिलालेख, वीरगळ किंवा कोरीव दगड निघाला तर घासू नका, रंगवू नका, सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली गेली हे आपल्याला माहीत आहे, कारण तिथला शिलालेख कुणी गिलाव्याखाली घातला नाही.

ग्रामसभेत एवढंच मांडा: अंदाजपत्रकातून बावीचा आतला गिलावा आणि तळाचं काँक्रीट वगळा, तो पैसा कोपरा रचायला, हौदाच्या चुन्याला आणि ट्रॅक्टरची वाट बावीपासून लांब सरकवायला वळवा. हा शेवटचा मुद्दा सरपंचांना सगळ्यात अवघड जाईल, कारण त्यात कुणाचा तरी बांध आडवा येणार.

तोवर मला तीन गोष्टी इथं टाका: पोट आलेल्या कोपऱ्याचा समोरून आणि वरून फोटो, उत्तरेच्या भिंतीत पाणी ठिबकतं त्या जागा काठापासून किती खाली आहेत त्याची मापं, आणि पायऱ्यांच्या सगळ्यात खालच्या टप्प्याचा फोटो. भिंत कशावर उभी आहे ते तिथून बहुतेक दिसेल. मग कोपरा या मेमध्ये उतरवायचा की एक पावसाळा थांबायचं, ते सांगता येईल.